आकृतीची चौकट : पहूर-अजिंठा परिसराचे नकाशे, चित्रफलक आणि कुलाब्याचे आलेख

संशोधनपर निबंधास जोडावयाच्या आकृत्यांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा आकृतीच्या आत काय आहे याविषयी असते. नकाशातील गावे बरोबर आहेत की नाहीत, आलेखाची रेषा कोणत्या आकड्यांवरून काढली, चित्रफलकाचा मूळ रंग उतरला आहे काय, हे प्रश्न मार्गदर्शकही विचारतात आणि परीक्षकही. आकृतीभोवतीच्या चौकटीचा विचार मात्र शेवटी, मुद्रणप्रत सिद्ध करण्याच्या घाईत होतो; आणि तोही बहुतांशी सौंदर्यदृष्टीने. जुन्या नकाशाची दुहेरी कड काढून टाकून तेथे एक बारीक रेषा ओढली जाते, समासातील टीपा कातरल्या जातात, आलेखाच्या वरच्या आणि उजव्या बाजूच्या रेषा कोणास जड वाटतात म्हणून पुसल्या जातात. आकृती सुबक होते. परंतु या सुबकतेच्या खटाटोपात आकृतीतून पुष्कळदा असे काही गळून पडते, की जे नसेल तर तिचा पुरावा म्हणून उपयोग उरत नाही.

चौकट म्हणजे केवळ चार रेषा नव्हेत. त्या रेषांवर जी मापे कोरलेली असतात, त्या मापांचा आरंभ ज्या ठिकाणापासून धरलेला असतो, आणि रेषेच्या बाहेर जे मुद्दाम सोडून दिलेले असते, त्या सर्वांचा समावेश चौकटीत होतो. ही गोष्ट तत्त्वतः कोणीही मान्य करील. ती प्रत्यक्षात किती दूरवर पोचते हे पाहावयाचे असेल, तर एखादा लहानसा प्रदेश घेऊन त्याच्या आकृत्यांचा इतिहास तपासणे बरे. प्रस्तुत निबंधासाठी जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील पहूर हे गाव घेतले आहे. वाघूर नदी अजिंठ्याच्या दरीतून निघून उत्तरेस तापीकडे जाते, तिच्या वाटेवर हे गाव आहे. पहूर पेठ आणि पहूर कसबे ही त्याची दोन नावे खानदेशात सर्वांस परिचित आहेत. पाचोरा-जामनेर ही अरुंद मापाची रेल्वे धावत होती त्या काळी अजिंठ्याची लेणी पाहावयास येणारे कित्येक प्रवासी पहूर स्थानकावर उतरून फर्दापूरची वाट धरीत.

प्रथम नकाशा घेऊ. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांच्या मालिकेत पहूर आणि अजिंठ्याची लेणी ही दोन्ही ४६ पी/१० या एकाच पत्रावर येतात. या क्रमांकाची फोड अशी : ४६ हा आकडा चार अंश अक्षांश आणि चार अंश रेखांश व्यापणाऱ्या मोठ्या चौरसाचा. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग केले की त्यांतील शेवटचा, आग्नेय कोपऱ्याचा, भाग 'पी' होय. त्याचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग पाडले की दहावा भाग आपला. म्हणजे २० अंश ३० मिनिटे ते २० अंश ४५ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७५ अंश ३० मिनिटे ते ७५ अंश ४५ मिनिटे पूर्व रेखांश, एवढीच या पत्राची चौकट. ती कोणत्याही नदीच्या, डोंगराच्या अथवा राज्याच्या सीमेला जुमानीत नाही. खुद्द तालुक्याचे गाव जामनेर या चौकटीच्या उत्तरेकडील आणि पूर्वेकडील अशा दोन्ही रेषांच्या पलीकडे पडते. ते ४६ पी/१३ वर सापडावयाचे. पाचोरा आणखी तिसऱ्या पत्रावर, ४६ पी/६ वर. तेव्हा पाचोरा-जामनेर रेल्वेचा इतिहास लिहिणाऱ्याने तिच्या सुमारे ५६ किलोमीटरांच्या मार्गासाठी निदान तीन पत्रे समोर घेतली पाहिजेत, आणि आपल्या निबंधासाठी ती जोडून नवी चौकट आखली पाहिजे.

येथेच पहिली अडचण उभी राहते. ४६ पी/१० ची चौकट दिसावयास आयताकृती असली तरी ती खरोखरीचा आयत नाही. उत्तरेकडे जाताना रेखावृत्ते एकमेकांजवळ येत असल्यामुळे या पत्राची वरची कड खालच्या कडेपेक्षा प्रत्यक्ष भूमीवर सुमारे चाळीस मीटरांनी आखूड आहे. एक इंचास एक मैल या प्रमाणात हा फरक सुमारे पाऊण मिलिमीटरहूनही थोडा कमी भरतो. इतका फरक डोळ्यास जाणवत नाही. पण चार पत्रे जोडून, काटकोन्याने चौकट ओढून, आतील सर्व त्या चौकटीत 'बसविले' की तो फरक आत कोठेतरी दडपावा लागतो. जुने नकाशाकार अशा वेळी जोडाच्या रेषा तशाच दाखवीत. त्या रेषा कुरूप दिसतात खऱ्या. पण दडपण कोठे पडले आहे हे त्यांवरून कळते.

याहून मोठी गोष्ट रेखांशांच्या आरंभबिंदूची आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून घातला. पुढे हे काम मध्य भारतातून उत्तरेकडे चालले. स्वतः लॅम्बटन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला, हे विदर्भातील वाचकांस तरी सांगावयास नको. या सर्व सर्वेक्षणात रेखांश मोजावयाचे ते मद्रास वेधशाळेच्या रेखांशावरून, आणि तो रेखांश ८० अंश १७ मिनिटे २१ सेकंद असा धरलेला होता. तो जास्त होता. तारायंत्राच्या साह्याने वेळ ताडून पाहणे शक्य झाल्यावर ती चूक नक्की किती आहे हे हळूहळू स्पष्ट झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी जी दुरुस्ती स्वीकारण्यात आली ती उणे सुमारे २ मिनिटे २७ सेकंद इतकी होती. नव्या चौकटी त्या दुरुस्तीनुसार आखण्यात आल्या.

पहूरच्या अक्षांशावर २ मिनिटे २७ सेकंद म्हणजे जवळजवळ सव्वाचार किलोमीटर. एक-इंची नकाशावर अडीच इंचांहून अधिक. भूमीवरचा एकही दगड हलला नाही, एकही त्रिकोण पुन्हा मोजला गेला नाही. गावांची परस्परांतील अंतरे होती तशीच राहिली. सरकली ती केवळ चौकट. एकोणिसाव्या शतकातील नकाशावरून लेण्यांचा रेखांश टिपून घेऊन तो जसाच्या तसा आजच्या चौकटीत मांडला, तर लेणी पूर्वेकडे सरकून ४६ पी/१० च्या उजव्या कडेपासून जेमतेम एक किलोमीटरवर जाऊन बसतील. ही शक्यता काल्पनिक समजू नये. प्राचीन व्यापारी मार्ग, जुने घाट किंवा मोडून गेलेली खेडी यांची स्थाने जुन्या नकाशांवरून उतरून घेणाऱ्या कोणत्याही अभ्यासकापुढे ती उभी असते. जुन्या पत्रांच्या समासात या दुरुस्तीविषयी टीप छापलेली आढळते. समास कातरला की टीप जाते, आणि टीप गेली की उरलेल्या नकाशात चूक आहे हे कळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही, कारण आतले सर्व काही एकमेकांशी तंतोतंत जुळत असते.

असाच, पण लहान, दुसरा सरक आपल्या काळात झाला आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने सर्वांसाठी खुल्या असलेल्या नकाशांची निराळी मालिका काढली. तिच्यासाठी एव्हरेस्टच्या १८३० च्या गोलाभाऐवजी उपग्रहांच्या मोजणीत वापरला जाणारा, १९८४ चा जागतिक गोलाभ घेतला. खानदेशात या दोन चौकटींतील अंतर शंभराहून अधिक मीटर येते. हातातील उपग्रहयंत्राने एखाद्या बारवेचे स्थान टिपून ते जुन्या पत्रावर मांडणारा विद्यार्थी ती बारव शेजारच्या शेतात नेऊन ठेवतो. जिल्ह्याच्या नकाशास याने काही बाधा येत नाही. गावठाणाच्या नकाशास मात्र येते.

गावाचे नाव निघाले म्हणून दुसऱ्या एका प्रकारच्या नकाशाकडे वळतो. त्यास चौकटच नसते. महसुली मोजणीतून निघालेला गावनकाशा अक्षांश-रेखांश जाणत नाही. त्याची कड म्हणजे गावची शीव. शिवेपलीकडे कोरा कागद, आणि त्या कोऱ्या भागात शेजारच्या गावाचे नाव. आत भूमापन क्रमांक, बांध, नाले, वाटा. मुंबई इलाख्याच्या मोजणीतील साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, साखळी लांब आणि साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. ही मापे शेतकऱ्याच्या तोंडी बसली ती त्या मोजणीपासून. या नकाशाची 'चौकट' समजावयाची असेल तर कोपऱ्यातील प्रमाण आणि साखळीचे माप यांवरच भिस्त ठेवावी लागते.

खानदेशात ही मोजणी सुरू झाली तेव्हा तिचे स्वागत झाले नाही. १८५२ मध्ये सावदा, एरंडोल या भागांत शेतकरी मोठ्या संख्येने जमले, मोजणीच्या कामास त्यांनी विरोध केला, आणि सरकारला तेथे फौज पाठवावी लागली. या उठावाची कारणे येथे तपशिलाने मांडण्याचे प्रयोजन नाही. मोजणीनंतर आकार वाढेल ही धास्ती त्यांत होती हे उघड आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कागदावर शेताभोवती रेषा ओढली जाणे म्हणजे काय, हे त्या शेतकऱ्यांना बरोबर कळले होते. रेषेच्या आत पडलेल्या पडीताची, वहाळाची, वाटेची आकारणी होणार किंवा न होणार हे त्या रेषेवर अवलंबून होते. चौकट ही शोभेची वस्तू आहे असा समज विद्यापीठात पसरलेला असेल. एरंडोलच्या शेतकऱ्याचा तो नव्हता.

शीव सोडून जिल्ह्याच्या नकाशाकडे आलो की चौकटीचा आणखी एक प्रकार दिसतो. तो म्हणजे राजकीय सीमेवर तोडलेली आकृती. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे आला. अजिंठ्याचा डोंगर आणि लेणी निजामाच्या मुलखात राहिली. पहूर आणि फर्दापूर यांमधील वाट काही कोसांचीच, पण तिच्यावर दोन राज्यांची सीमा होती. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी पूर्व खानदेशास जळगाव हे नाव मिळाले. राज्याची सीमा गेली, जिल्ह्याची राहिली. आजही जळगाव जिल्ह्याचा नकाशा काढावयाचा तर तो अजिंठ्याच्या अलीकडे तोडतात आणि औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, नकाशा फर्दापूरच्या पलीकडे. परिणाम असा होतो की वाघूर नदी एका आकृतीत उगमावाचून वाहते आणि दुसऱ्या आकृतीत मुखावाचून. लेण्यांतील भिक्षुसंघास धान्य, तेल, रंगद्रव्ये कोणत्या वाटेने मिळत असतील याचा विचार ज्यास करावयाचा आहे, त्यास या दोन्ही आकृत्या निरुपयोगी आहेत. दरीचे तोंड उत्तरेस, खानदेशच्या मैदानाकडे, उघडते. ही साधी गोष्ट जिल्ह्याच्या चौकटीत कोठेच दिसत नाही. ४६ पी/१० मध्ये ती एका दृष्टिक्षेपात दिसते, कारण ती चौकट राज्यांविषयी उदासीन आहे. येथे आंधळी चौकट डोळस चौकटीहून अधिक उपकारक ठरते असे म्हणावयास हरकत नाही.

लेण्यांचा उल्लेख आलाच आहे, तर तेथील चित्रांच्या प्रकाशनाचा विचार केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. पुरातत्त्वाच्या निबंधात चित्रफलक हीही एक शास्त्रीय आकृतीच असते. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी १८१९ मध्ये पडली. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने तेथे राहून भिंतीवरील चित्रांच्या मोठमोठ्या प्रती केल्या. त्यांतील बहुतेक लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला, आणि त्याची कबर भुसावळला आहे. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत, मधे खंड पडत, पेस्तनजी बोमनजी इत्यादी विद्यार्थ्यांकरवी पुन्हा प्रती करविल्या. त्यांपैकीही पुष्कळ दक्षिण केन्सिंग्टन येथे १८८५ मध्ये आगीत गेल्या. उरलेल्या साहित्याच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये दोन भागांत निघाला. त्यानंतर १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा प्रभृती तरुण चित्रकारांच्या साह्याने केलेल्या प्रती १९१५ मध्ये प्रसिद्ध झाल्या, आणि गुलाम याझदानी यांचे चार भाग हैदराबाद संस्थानाच्या आश्रयाने सुरू होऊन १९३० ते १९५५ या काळात पुरे झाले.

या सर्व प्रकाशनांत एक गोष्ट समान आहे. अजिंठ्याच्या भिंतीवर नसलेली चौकट त्या सर्वांत आहे. भिंतीवरील कथा एका दृश्यातून दुसऱ्यात सलग वाहते. एक प्रसंग संपून दुसरा सुरू झाला हे एखाद्या खांबावरून, झाडावरून, खडकाच्या ओळीवरून किंवा पाठ फिरवलेल्या मनुष्याकृतीवरून ओळखावयाचे असते. रेषा ओढून प्रसंग वेगळे केलेले नसतात. तीच व्यक्ती एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा येते. ग्रंथाच्या पानावर हे मावणे शक्य नाही, म्हणून प्रत करणाराने अथवा छायाचित्रकाराने भिंतीचा एक आयत निवडला. त्या क्षणी कथेचे 'चित्र' झाले. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्व आज आपणांस एकाकी, विचारमग्न मूर्ती म्हणून परिचित आहे. प्रत्यक्षात त्याच्याभोवती खडक, वानर, मोर, किन्नर आणि माणसे यांची दाटी आहे. त्याचे एकाकीपण पुष्कळ अंशी छापील पानाच्या कडेने निर्माण केलेले आहे.

सतराव्या लेण्यातील उदाहरण याहून बोधप्रद आहे. तेथील उजव्या भिंतीवर हत्तींवर आरूढ झालेली सेना, नावा, युद्ध आणि अभिषेक असा भाग आहे. ग्रिफिथ्सच्या काळात त्याचे वर्णन विजयाचे सिंहलद्वीपातील आगमन असे करण्यात आले, आणि पाली वंशकथांशी त्याचा संबंध जोडण्यात आला. पुढे त्याच भिंतीवरील फुटलेले गलबत, राक्षसिणी, पांढरा घोडा हे सर्व एकत्र वाचल्यावर ती सिंहल-अवदानाची कथा आहे हे मान्य झाले. पहिल्या अभ्यासकांस ग्रंथांचे ज्ञान कमी होते असे नव्हे. मला वाटते, आयताआयतांनी भिंत पाहण्याची सवय त्यांस नडली असावी. हत्तींचा आयत वेगळा घेतला तर त्यास विजय हे नाव सहज शोभते. राक्षसिणींसह घेतला तर शोभत नाही. डीटर श्लिंगलोफ या जर्मन पंडिताने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपूर्ण भिंतींची रेखाचित्रे काढून प्रसंगांच्या सीमा त्यांत दाखविल्या. त्या रेखाचित्रांत रंग नाहीत, छाया नाहीत, आणि आकृती म्हणून ती पूर्वीच्या देखण्या फलकांपुढे रुक्ष वाटतात. तरी अजिंठ्याच्या कथांचा अभ्यास करणाऱ्याने प्रथम तीच उघडावी. फलक कोठून कापला आहे ते त्यांवरून समजते.

आता पुन्हा ४६ पी/१० च्या समासाकडे येऊ. तेथे शेजारच्या पत्रांचा छोटा कोष्टक-नकाशा असतो, प्रमाणपट्टी असते, आणि खऱ्या उत्तरेपासून होकायंत्राची सुई किती ढळते तो आकडा त्या त्या वर्षासह दिलेला असतो. वर्ष का द्यावयाचे? कारण तो आकडा स्थिर नसतो. पृथ्वीचे चुंबकत्व बदलते. हे बदल पश्चिम भारतात सर्वांत दीर्घकाळ नोंदले गेले ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत, आणि तेथील नोंदी आपणांस नकाशाच्या चौकटीकडून आलेखाच्या चौकटीकडे नेतात.

ईस्ट इंडिया कंपनीने बांधलेली ही वेधशाळा १८२६ मध्ये पुरी झाली. १८४१ मध्ये एल्फिन्स्टन विद्यालयाचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तेथे चुंबकीय वेध सुरू झाले. गणिती म्हणून पुढे महाराष्ट्रास माहीत झालेले केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत काम करीत होते. त्या काळी यंत्र स्वतः काही लिहीत नसे. टांगलेल्या चुंबकाचा आरसा, त्यात दिसणारी मोजपट्टी, ती दुर्बिणीतून वाचणारा माणूस आणि त्याच्यापुढची वही, एवढाच सरंजाम. प्रकाशचित्रणाने आपोआप आलेख काढणारी यंत्रे कुलाब्यास आली ती १८७२ मध्ये. इंग्लंडात क्यू आणि ग्रीनिच येथे ती त्यापूर्वीच होती.

१८५९ च्या सप्टेंबर महिन्याच्या पहिल्या तारखेस इंग्लंडात कॅरिंग्टनने सूर्याच्या पृष्ठावर एक तेजस्वी भडका पाहिला. अठरा तासांच्या आतच पृथ्वीवर आजवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळांपैकी एक सुरू झाले. क्यू आणि ग्रीनिच येथील यंत्रांचा प्रकाशबिंदू वादळाच्या ऐन भरात कागदाच्या कडेबाहेर गेला. यंत्र उत्तम होते, कागद अपुरा होता. वादळ किती मोठे होते हे सांगणारा नेमका भागच चौकटीबाहेर पडला. कुलाब्यास कागदाची कड नव्हती. तेथील निरीक्षक काही मिनिटांच्या अंतराने आकडे वाचून वहीत उतरवीत राहिले. त्या वहीतील नोंदींचा आधार घेऊन २००३ मध्ये त्सुरुतानी आणि त्यांचे सहकारी यांनी या वादळाचा आलेख प्रसिद्ध केला. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ या सहकाऱ्यांत होते. क्षितिजसमांतर बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याचे त्यात दिसते.

आलेखाच्या चौकटीचे महत्त्व दाखविणारे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. पण ते येथेच संपत नाही. आडव्या अक्षावर काही मिनिटांचे अंतर ठेवावे की एका तासाचे, हाही चौकटीचाच प्रश्न. वादळांच्या आधुनिक मोजणीत ताशी सरासरी वापरण्याचा प्रघात आहे. तीच कुलाब्याची नोंद तासांच्या सरासरीने मांडली की १६०० चे सुमारे ८५० होतात, म्हणजे जवळजवळ निम्मे. दोन्ही आकडे खरे आहेत. दोन निरनिराळ्या वादळांची तुलना मात्र एकाच अंतराच्या चौकटीत झाली पाहिजे. इतिहासाच्या विद्यार्थ्यास हे परके वाटू नये. धान्याचे भाव साप्ताहिक बाजारावरून मांडले तर दुष्काळाची शिखरे उंच दिसतात, वार्षिक सरासरीने मांडले तर बसकी.

कुलाब्याच्या नोंदींचा मोठा संग्रह नानाभाई मूस यांनी १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यांत १८४६ ते १९०५ अशा साठ वर्षांची सामग्री आहे. मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांच्याच कारकीर्दीत मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून चुंबकीय वेध अलिबागेस हलविण्यात आले. १९०४ मध्ये अलिबागेस काम सुरू झाले, पण कुलाब्याचे लगेच थांबविले नाही. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले, तेव्हा कोठे एका जागेचा आकडा दुसऱ्या जागेच्या आकड्यास जोडता आला. आज एखाद्याने १८४६ पासूनची सलग रेषा एकाच चौकटीत काढली आणि १९०४ ते १९०६ हा जोड दाखविला नाही, तर त्या दोन वर्षांच्या शहाण्या खटपटीवर बोळा फिरविल्यासारखे होते. येथेही पत्रे जोडताना जोडाची रेषा ठेवावी की पुसावी, हाच प्रश्न आहे.

आलेखास चौकट असावी तरी कशी याविषयीचे नियम फार जुने नाहीत. आर्थिक आकड्यांचे आलेख विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये छापले तेव्हा त्याने ताम्रपटावर पूर्ण चौकट आणि आत जाळी कोरविली होती. अमेरिकेत १९१५ मध्ये निरनिराळ्या शास्त्रीय संस्थांच्या संयुक्त समितीने काही नियम सुचविले. शून्याची रेषा इतर रेषांहून ठळक असावी, आणि शून्य चौकटीत येत नसेल तर आकृतीत खंड दाखवून तसे स्पष्ट करावे, हे त्यांपैकी मुख्य. आज संगणकाची प्रणाली आपण होऊन चौकट काढून देते. तिच्या कडा आकड्यांच्या लहानात लहान व मोठ्यात मोठ्या किमतीपाशी आणून बसविते, आणि शून्य कोठे गेले हे वाचकाने शोधावयाचे असते. जाडी, रंग, वरची रेषा ठेवावी की काढावी, खुणा आत वळवाव्या की बाहेर, यांवर विद्यार्थी तासन्‌तास घालवितात. त्यांत गैर काही नाही; पण ते सर्व ठरविण्यापूर्वी कडा कोठे टेकल्या आहेत हे पाहिले पाहिजे.

छपाईच्या बाजूने एक व्यावहारिक सूचना करणे इष्ट आहे. पूर्वी आकृती मोठ्या कागदावर काळ्या शाईने काढून तिचा जस्ताचा ठसा लहान करून घेत. निम्म्या आकाराचा ठसा झाला की अर्ध्या मिलिमीटरची चौकट पाव मिलिमीटरची होई आणि तिच्यावरील बारीक खुणा भरून जात. म्हणून अनुभवी आरेखक आधी छापील रकान्याची रुंदी विचारी आणि मग लेखणी उचली. ठसे गेले, परंतु रकान्याची रुंदी राहिली आहे. पडद्यावर भरभरून दिसणारी चौकट पत्रिकेच्या पानावर तशीच येईल असे समजू नये. तसेच, आकृती लहान होणार असेल तर 'एक इंचास एक मैल' हे शब्द खोटे ठरतात. आकृतीतच काढलेली प्रमाणपट्टी तिच्याबरोबर लहान होते आणि खरी राहते.

जुना नकाशा, फलक अथवा आलेख आपल्या निबंधात पुन्हा छापताना मूळ चौकट समासातील टीपांसह निदान एकदा, एखाद्या लहान आकृतीच्या रूपाने का होईना, दाखवावी, आणि आपण आखलेली नवी चौकट तिच्या आत तुटक रेषेने दर्शवावी. चित्रफलकाच्या बाबतीत भिंतीचा साधा आराखडा देऊन त्यात फलकाचा आयत दाखविला तरी पुरे. पाचोरा-जामनेर रेल्वेच्या नकाशास किमान तीन पत्रांचे क्रमांक, प्रत्येकाचे सर्वेक्षणवर्ष, आणि रेखांश जुन्या मद्रास-मूल्यावर आहेत की दुरुस्त केलेले, एवढे खाली लिहिले म्हणजे पुढच्या अभ्यासकास पहूर स्थानकाची जागा नव्या नकाशावर शोधता येईल.